साठे, अण्णाभाऊ

साठे, अण्णाभाऊ : (१ ऑगस्ट १९२०–१८ जुलै १९६९). मराठी लोकशाहीर, लोकनाट्यकार व कथा-कादंबरीकार. मुंबईच्या कामगारवस्तीत बहरलेल्या उपरोधिक लोककाव्याचे प्रमुख निर्माते. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म वाटेगाव (ता. वाळवा, जि. सांगली; तत्कालीन सातारा जिल्हा) येथे मातंग समाजातील एका निर्धन कुटुंबात. आईचे नाव वालुबाई. ब्रिटिश अमलात या भागातील मातंग समाजाला गुन्हेगार जमाती कायद्यान्वये पोलिसपाटलाच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. पुढे फकिरा (१९५९) या कादंबरीचा तो एक मुख्य विषय झाला. त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. ते जेमतेम दीड दिवस शाळेत गेले, असे सांगितले जाते. अक्षरओळख त्यांनी मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांचे फलक वाचून स्वतःच करून घेतली.

त्यांचे खरे शिक्षण झाले ते गावच्या तमाशात. चुलतभाऊ बापू साठे यांच्या फडात ते ढोलकी, तुणतुणे ही वाद्ये वाजवीत आणि वेळ पडेल तसे सोंग वठवीत. वाळवा तालुका हा तमाशाचा बालेकिल्ला. लावणीकार पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे याच तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. लावणी, छक्कड, पोवाडा, बतावणी आणि वग या प्रकारांची घडण अण्णाभाऊंना कोणत्याही ग्रंथावाचून अवगत होती, याचे कारण हे. सोंगाड्याची हजरजबाबी, गावकऱ्यांच्या तोंडची रांगडी कोटी आणि थोरामोठ्यांची चारचौघांत रेवडी उडविण्याची मुभा हे तमाशाचे धन त्यांनी मुंबईस येताना बरोबर आणले.

१९३०–३२ च्या सुमारास साठे कुटुंबाने वाटेगाव सोडले आणि बव्हंशी पायी प्रवास करून मुंबई गाठली. प्रारंभी भायखळ्याच्या परिसरात आणि पुढे माटुंग्याच्या लेबर कँपात त्यांचे वास्तव्य होते. कोळसे वेचणे, फेरीवाल्याबरोबर कापडाचे गाठोडे वाहणे, हमाली, उपाहारगृहातील पोऱ्याचे काम, चित्रपटांच्या जाहिराती चिकटविणे आणि अखेर कापडगिरणीतील नोकरी असा त्यांचा क्रम आहे. त्यांच्या काव्यातील मुंबई ही या कामांच्या वाटेने पाहिलेली मुंबई आहे.

या मुंबईचे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या उपरोधाची धार कळत नाही. भायखळा, घोडपदेव, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव असा जो पट्टा ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जातो, तो एका बाजूस गिरण्या आणि दुसऱ्या बाजूस गोदी व कापसाची गोदामे यांच्यामध्ये वाढला. कोकणातून आणि सातारा-पुणे भागांतील घाटमाथ्यावरून आलेले पुरुष येथे गावकीच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाची वळकटी उचलली गेली की दुसऱ्याची पसरे. जेवण खाणावळीत आणि बायकामुले गावी. या वस्तीचे मनोरंजन म्हणजे भजन, दशावतार, नमन, तमाशा आणि शाहिरी. १९२८ च्या दीर्घ संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनमुळे येथे ‘लाल बावटा’ हा शब्द घरोघर पोहोचला होता. अशा श्रोत्यांपुढे छापील कवितेचा उपयोग थोडा. जे डफावर म्हणता येईल, पहिल्याच फेरीत समजेल आणि दुसऱ्या दिवशी साच्यावर काम करताना आठवेल, तेच टिकणार होते.

माटुंगा लेबर कँप ही मुख्यतः नगरपालिकेच्या सफाई कामगारांची व अन्य दलित श्रमिकांची वस्ती. रा. भि. मोरे, के. मो. साळवी, शंकर नारायण पगारे प्रभृती कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा तेथे राबता होता आणि त्यांच्या संगतीत अण्णाभाऊ पक्षाच्या कामात आले. त्यांच्या अगदी प्रारंभीच्या रचनांपैकी एक लेबर कँपातील डासांविषयी आहे. वस्तीतल्या घाणीचे गाऱ्हाणे मांडावयाचे, पण ते अर्जाच्या भाषेत नव्हे, तर डासांच्या पराक्रमाच्या वर्णनातून, ही युक्ती पोवाड्याच्या वीररसाला उलटे करून घेणारी आहे. पोवाड्याचा नायक क्षुद्र करावयाचा आणि त्यायोगे खऱ्या अपराध्याकडे श्रोत्यांचे लक्ष वळवावयाचे, ही त्यांची पुढील काळातील रीत या लहानशा गाण्यातच दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रचलेल्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने (१९४३) त्यांचे नाव पक्षाच्या वर्तुळाबाहेर गेले. त्याच सुमारास बंगालच्या दुष्काळावर बंगालची हाक ही रचना झाली. अमळनेरचे अमर हुतात्मे, पंजाब-दिल्लीचा दंगा, तेलंगणचा संग्राम, महाराष्ट्राची परंपरा, मुंबईचा कामगार, काळ्या बाजाराचा पोवाडा हे त्यांचे अन्य उल्लेखनीय पोवाडे. या सर्वांची योग्यता सारखी नाही. स्टालिनग्राडच्या पोवाड्यात आवेश मोठा असला, तरी शाहिराने न पाहिलेल्या रणांगणाचे वर्णन परंपरेने दिलेल्या ठशांतून झाले आहे. याउलट काळ्या बाजारावरील रचनेत युद्धकालीन टंचाई, रेशनची रांग आणि धान्याच्या कोठारावर बसलेला व्यापारी ही सारी श्रोत्यांची रोजची ओळख होती. शत्रू जितका जवळचा तितका अण्णाभाऊंचा उपरोध नेमका, असे त्यांच्या एकंदर शाहिरीबाबत म्हणता येईल.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल; १९१६–६९) आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. बार्शीच्या अमर शेखांचा पहाडी आवाज, गवाणकरांची गीते आणि अण्णाभाऊंचे वग व पोवाडे असा हा दुर्मीळ संयोग होता. गिरणीच्या फाटकापाशी, चाळींमधील मोकळ्या जागेत, संपाच्या सभांपूर्वी आणि किसान परिषदांच्या मांडवांत या पथकाचे कार्यक्रम होत. १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय जननाट्य संघाशीही (इप्टा) त्यांचा निकटचा संबंध आला. १९४९ च्या अलाहाबाद अधिवेशनात त्यांची संघाच्या अध्यक्षपदी निवड झाली. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाकडे देशातील नामवंत नाटककार व नटांच्या संघटनेचे अध्यक्षपद यावे, ही त्या काळातही लक्षणीय गोष्ट होती.

अकलेची गोष्ट (१९४५), शेटजींचे इलेक्शन, देशभक्त घोटाळे, बेकायदेशीर, मूक मिरवणूक, पुढारी मिळाला, लोकमंत्र्यांचा दौरा, खापऱ्या चोर, माझी मुंबई ही त्यांची लोकनाट्ये. त्यांच्या शीर्षकांवरूनच लक्ष्य कोण आहे ते उघड होते : सावकार, निवडणुकीस उभा राहणारा शेट, रातोरात देशभक्त झालेला साठेबाज, दौऱ्यावर निघालेला मंत्री. पारंपरिक तमाशाचा क्रम गण, गवळण, बतावणी आणि वग असा असतो. अण्णाभाऊंनी गणातील गणेशस्तवन काढून त्या जागी मातृभूमी, हुतात्मे व श्रमिक यांचे वंदन आणले. कृष्ण-गोपींची छेडछाड असलेली गवळण गाळली. हा बदल वरवर पाहता पक्षप्रचाराच्या सोयीचा वाटतो. परंतु सोंगाड्याला त्यांनी हात लावला नाही, ही बाब महत्त्वाची आहे. राजाच्या वगातील सोंगाड्या राजाच्या आज्ञेचा शब्दशः अर्थ घेऊन तिची फजिती करतो. अण्णाभाऊंच्या वगातील सोंगाड्या मंत्र्याच्या आश्वासनाचा शब्दशः अर्थ घेतो, आणि मंत्री जितका समजावू लागतो तितका अधिक उघडा पडतो. व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या मिषाने निंदा, हा जुना अलंकार येथे संवादाच्या रूपाने अवतरतो. टीका लेखकाच्या तोंडून होत नाही. ज्याच्यावर टीका करावयाची तोच ती आपल्या तोंडाने करतो.

मराठीत सामाजिक उपरोधाची परंपरा जुनी आहे. एकनाथांची भारुडे, अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे फटके आणि महात्मा फुले यांच्या पद्यरचना हे तिचे ठळक टप्पे. सत्यशोधकी जलशांनी तिला रंगमंच दिला. ‘शाहीर’ हा शब्द मुळात अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी, यावरून फार्सीच्या द्वारे मराठीत आला व येथे त्यास लोकांसमोर उभे राहून गाणारा कवी असा विशेष अर्थ प्राप्त झाला. प्र. के. अत्रे यांच्या झेंडूची फुले (१९२५) या विडंबनसंग्रहाशी अण्णाभाऊंच्या काव्याची तुलना उद्‌बोधक ठरते. अत्र्यांच्या विडंबनाची गंमत कळण्यास रविकिरण मंडळाची कविता वाचलेली असावी लागते. अण्णाभाऊंच्या रचनेस असे कोणतेही पूर्वज्ञान लागत नाही. ज्याचा पगार कापला गेला आहे त्याला ती कळते.

याच काळात इराणमध्येही उपरोधिक कवितेने असे वळण घेतले होते. रश्तजवळच्या खेड्यात जन्मलेला कवी मोहम्मद अली अफ्राश्ते (१९०८–५९) फार्सीत व आपल्या गिलकी बोलीत लिही. त्याचे चेलंगर हे उपहासात्मक पत्र १९५१ ते १९५३ या काळात लोकप्रिय झाले, मात्र १९५३ च्या सत्तापालटानंतर त्याला देश सोडावा लागला आणि बल्गेरियात सोफिया येथे तो निधन पावला. दोघेही साम्यवादी विचारांचे, दोघांचाही भर बोलभाषेवर आणि दोघांनाही सरकारी रोष पत्करावा लागला. भेद साधनाचा आहे : अफ्राश्तेची कविता वृत्तपत्राच्या घडीतून पसरली, अण्णाभाऊंची ढोलकीच्या थापेवर. पत्र बंद करता येते आणि तमाशावरही बंदी घालता येते, हे मात्र दोन्हीकडे सारखेच प्रत्ययास आले.

१९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलता हे त्यामागील कारण सांगितले गेले. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशासुधारणेचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरील निर्बंधांना मात्र अश्लीलतेचे कारण लागू पडत नव्हते. त्यांचा दोष राजकीय होता. या काळात आपल्या प्रयोगांना तमाशाऐवजी ‘लोकनाट्य’ म्हणण्याचा प्रघात अण्णाभाऊंनी रूढ केला. बंदीतून निघालेली ही पळवाट एका प्रतिष्ठित नाट्यप्रकाराचे नाव होऊन बसली आणि पुढे तमाशाशी ज्यांचा संबंध नव्हता अशा शहरी लेखकांनीही तो प्रकार हाताळला. नाव बदलल्याने तमाशा कलावंतांच्या वाट्याचा कमीपणा गेला काय, हा प्रश्न वेगळा.

मुंबईची लावणी ही त्यांची सर्वांत गाजलेली उपरोधिक रचना होय. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव थक्क होऊन गायिले होते : तेथील हवेल्या, बाजार, दिव्यांचा झगमगाट. गावाकडच्या माणसाने मोठे शहर प्रथम पाहावे आणि दिपून जावे, अशी ती दृष्टी. त्याच तालुक्यातून आलेल्या अण्णाभाऊंनी तीच मुंबई पुन्हा लावणीत बांधली. पण त्यांनी एकीकडे मलबार हिलची संपत्ती आणि दुसरीकडे परळची कष्टकरी वस्ती समोरासमोर ठेवली. पूर्वसूरीचा त्यांनी अधिक्षेप केला नाही. केवळ जे पूर्वीच्या लावणीत आले नाही ते आपल्या लावणीत आणले, आणि त्यामुळे जुन्या लावणीतील विस्मयच उपरोध होऊन बसला. एका रचनेने दुसरीला असे उत्तर देणे ही सवाल-जवाबाची परंपराच आहे. येथे तो सवाल-जवाब पिढ्यांमधला आहे. लावणी हा शृंगाराचा प्रकार असल्याने तिच्यात जिचे रूप वर्णावयाचे ती येथे नगरी आहे, आणि तिचे रूप कोणाच्या घामावर उजळले हे सांगितल्याशिवाय वर्णन पुरे होत नाही.

माझी मैना गावावर राहिली ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लिहिली गेली. गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुंबईतील श्रमिक हा तिचा निवेदक. गिरणगावातील बहुसंख्य श्रोत्यांची हीच स्थिती असल्याने पूर्वार्धातील विरहवर्णन त्यांना आपले वाटे. रचना जसजशी पुढे सरकते तसतसा विरहाचा विषय पालटतो : गरिबीमुळे झालेली ताटातूट, मुंबईतील विषमता आणि मग बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे भाग तुटलेला महाराष्ट्र. मैना आणि मातृभूमी यांचे हे अद्वैत कोठेही समजावून सांगितलेले नाही. श्रोता हळहळत असतानाच राजकीय मागणीपाशी येऊन पोहोचतो. उपरोधकार म्हणून अण्णाभाऊ जितके चतुर तितकेच ते करुणरसातही समर्थ होते, याचा हा पुरावा. ज्यांत केवळ टवाळी आहे अशा त्यांच्या काही वगांहून ही छक्कड अधिक टिकली, ती या दुहेरी सामर्थ्यामुळे. आंदोलनात शाहिरांनी, विशेषतः अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर आणि आत्माराम पाटील यांनी, सभांना जो जनसमुदाय खेचून आणला त्याचा वाटा १ मे १९६० रोजी झालेल्या महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीत निःसंशय आहे.

२ मार्च १९५८ रोजी दादरच्या बंगाली हायस्कूलमध्ये भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित व कष्टकरी यांच्या तळहातावर तरली आहे, या आशयाचे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. पुराणकल्पनेला न नाकारता तिचा धारक तेवढा बदलण्याची ही रीत त्यांच्या शाहिरीतीलच. मार्क्स आणि आंबेडकर यांपैकी अण्णाभाऊ कोणाचे, असा वाद पुढे बराच झाला. कम्युनिस्ट कलापथकाचा हा शाहीर आपली प्रमुख कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण करतो, एवढे त्या वादाच्या दोन्ही पक्षांनी लक्षात घेणे पुरेसे आहे.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष मुख्यतः गद्यलेखनाकडे वळले. फकिरा या कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वैजयंता, वारणेचा वाघ, चित्रा, माकडीचा माळ इत्यादी कादंबऱ्या आणि खुळंवाडी, बरबाद्या कंजारी, कृष्णाकाठच्या कथा, चिरागनगरची भुतं आदी कथासंग्रह त्यांच्या नावावर आहेत. कादंबऱ्यांची संख्या तिसाहून अधिक भरते. स्मशानातील सोनं ही कथा मराठीतील श्रेष्ठ कथांत गणली जाते. कादंबऱ्यांत वेगवान कथानक आणि रंजकता यांकडे ओढा आहे, आणि काही कृती घाईने लिहिल्यासारख्या वाटतात. वैजयंता (१९६१), फकिरा (१९६३), डोंगरची मैना (१९६९), वारणेचा वाघ (१९७०) हे त्यांच्या कृतींवर आधारलेले चित्रपट. १९६१ मध्ये त्यांनी सोव्हिएट रशियाचा दौरा केला व माझा रशियाचा प्रवास हे प्रवासवर्णन लिहिले. या यशाने त्यांच्या हलाखीत फारसा फरक पडला नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांची बरीच वर्षे गेली. अखेरच्या काळात शासनाकडून मिळालेल्या गोरेगाव येथील घरात त्यांचे निधन झाले. १३ जून १९६९ रोजी अत्रे, १८ जुलैस अण्णाभाऊ आणि २९ ऑगस्टला अमर शेख असे संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावरील तीन आवाज अवघ्या अडीच महिन्यांत थांबले.

मराठी समीक्षेने त्यांच्या हयातीत त्यांची दखल तोकडी घेतली. जी घेतली ती कादंबरीकार म्हणून. उपरोधिक पद्य ‘प्रचारकी’ या एका शब्दाखाली बाजूस सारले गेले. या उपेक्षेस वाङ्मयीन अभिरुचीइतकेच रचनेचे स्वरूपही कारण आहे. लोकनाट्याची छापील संहिता हा प्रयोगाचा केवळ सांगाडा असतो. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी, समोर बसलेला फौजदार, गिरणीतला एखादा बदनाम जॉबर यांना उद्देशून सोंगाड्या जे ऐनवेळी बोले ते लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही. म्हणून आज पुस्तकात वाचताना ज्या जागा सपाट वाटतात, त्याच जागी प्रयोगात हशा पिकत असला पाहिजे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केल्यामुळे विखुरलेले पोवाडे, लावण्या व लोकनाट्ये अभ्यासकांना एकत्र उपलब्ध झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कलापथकाचा मूळ श्रोतृवर्ग पांगला. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी उत्तुंग इमारती आल्या. मुंबईच्या लावणीत जे दोन भाग शहराच्या दोन टोकांना होते, ते आता एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस आढळतात. मातंग व तत्सम समाजांच्या विकासासाठी राज्य शासनाने १९८५ मध्ये स्थापन केलेल्या महामंडळास अण्णाभाऊंचे नाव देण्यात आले. भारतीय डाक खात्याने २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील परदेशी वाङ्मयाच्या राज्य ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. घोडपदेवपासून हाकेच्या अंतरावर, भायखळ्याच्या राणीच्या बागेलगत असलेले मुंबई महानगरपालिकेचे नाट्यगृह त्यांच्याच नावाने ओळखले जाते.